स्पॉन्सरशिपचा आकडा ठरतो कसा?

ओळखीचं कुणी संस्थेसाठी धावणार असलं की देणगीची लिंक ग्रुपवर येते. द्यायचं असतंच, पण किती? पाचशे कमी दिसतील का, दोन हजार जरा जास्तच होतात का? हा पेच आजचा असला तरी त्यामागची रीत साठेक वर्षांची आहे.

इंग्लंड-अमेरिकेत 1960 च्या दशकात निधीसाठी पायी चालण्याचे उपक्रम रुजले. चालणारा छापील कागद घेऊन दारोदार फिरायचा आणि देणारा मैलामागे अमुक पेनी किंवा सेंट असा दर लिहायचा. रक्कम कष्टाला बांधलेली असल्यामुळे हिशेब सरळ होता. पोरगं अर्ध्यावर बसेल अशा समजुतीने सढळ दर लिहावा आणि त्या पठ्ठ्याने वीस मैल पुरे करून पैसे मागायला यावं, एवढीच काय ती जोखीम.

रक्कम मागणाऱ्यानेच ठरवून टाकायची, हा दुसरा मार्ग. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी माणशी एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी त्या पैसा फंडाला पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. कॅनडात 1980 साली टेरी फॉक्स कॅन्सरमुळे गमावलेल्या पायाच्या जागी कृत्रिम पाय लावून देशभर धावायला निघाला. त्याने दर कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर मागितला. कॅन्सर फुप्फुसात पसरल्याने 143 दिवसांनी त्याला थांबावं लागलं, पण फेब्रुवारी 1981 पर्यंत निधी 2 कोटी 40 लाख डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा देशाची लोकसंख्याही जवळपास तेवढीच होती. ठरलेल्या छोट्या रकमेत कुणाची ऐपत उघडी पडत नाही. मला हीच रीत सगळ्यांत सभ्य वाटते.

लंडन मॅरेथॉन 29 मार्च 1981 ला सुरू झाली. तिथे अंतर सगळ्यांना सारखंच, त्यामुळे मैलामागच्या दराला फारसा अर्थ उरला नाही आणि एकरकमी देणगीच सोयीची ठरली. पुढे संस्था स्पर्धेतल्या जागा विकत घेऊन धावपटूंना देऊ लागल्या. बदल्यात धावपटू ठरावीक निधी जमवण्याचं कबूल करतो, बऱ्याचदा 2,000 पौंडांच्या आसपास. तेव्हा मित्र चिकाटीने आठवण करत असेल, तर तो आकडा त्याच्या डोक्यावर बसलेला असू शकतो.

दारोदार फिरणाऱ्या त्या छापील कागदावर वरच्या ओळीत शेजाऱ्याने काय लिहिलंय ते दिसायचंच. गणपतीच्या वर्गणीला पावती पुस्तक चाळून मगच खिशात हात घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 2001 मध्ये सुरू झालेल्या जस्टगिव्हिंगसारख्या ऑनलाइन देणगीच्या संकेतस्थळांनी तीच यादी साऱ्या जगापुढे मांडली.

या याद्या अभ्यासकांच्या हाती लागल्या. सारा स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2010 च्या लंडन मॅरेथॉनमधल्या धावपटूंची देणगीची पानं तपासली. आधीच्या देणग्यांची सरासरी 10 पौंडांनी जास्त असली, तर पुढचा माणूस सुमारे अडीच पौंड जास्त देत होता. स्मिथ यांनी निकोला रैहानी यांच्याबरोबर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात तर गंमतच निघाली. निधी मागणारी बाई देखणी असेल आणि आधी एखाद्या पुरुषाने घसघशीत रक्कम दिलेली असेल, तर पुढचे पुरुष हात आणखी सैल सोडत. बायकांमध्ये तशी चढाओढ दिसली नाही. म्हणून जाणकार धावपटू पान उघडल्यावर पहिली देणगी सढळ हाताच्या नातेवाइकाकडून मिळवतात.

मुंबईत ही पद्धत फेब्रुवारी 2004 पासून, म्हणजे पहिल्या मुंबई मॅरेथॉनपासून दिसू लागली. युनायटेड वे मुंबई ही संस्था इथल्या निधी संकलनाचं काम पाहते. आपल्याकडे आकडा ठरवताना देणगीवरच्या आयकर सवलतीचाही (1961 च्या कायद्यातलं कलम 80 जी) विचार होतो. पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर बहुधा निम्म्या रकमेची वजावट मिळते, मात्र 2,000 रुपयांच्या वरची रक्कम रोख दिली तर काहीच नाही. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही, त्यामुळे तिथे मार्च महिन्याने देणाऱ्याला घाई करण्याचं कारण उरत नाही.