पिल्लू कंटाळलंय की झोपेला आलंय?

कुत्र्याचं तीन-चार महिन्यांचं हुशार, चपळ पिल्लू संध्याकाळी अचानक बेभान होतं. सोफ्यावर उडी, टेबलाखालून चक्कर, पायपुसण्याची ओढाताण आणि मग थेट तुमच्या घोट्यात दात. घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, “अगं, एनर्जी जिरली नाहीये त्याची. खाली नेऊन पळव जरा, म्हणजे गप झोपेल.”

हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी सपशेल चुकीचा. कारण कंटाळलेलं पिल्लू आणि झोप न मिळालेलं पिल्लू वरवर अगदी सारखंच वागतं, पण दोघांवरचे उपाय उलटे आहेत. एकाला काम हवं असतं, दुसऱ्याला अंधार आणि शांतता. माझ्या मते आपल्या घरांमध्ये दुसरा प्रकार जास्त असतो आणि तोच कुणाच्या लक्षात येत नाही.

लहान पिल्लाला चोवीस तासांत 18 ते 20 तास झोप लागते. हे ऐकून लोक हसतात, पण वाढणाऱ्या शरीराची ती खरीच गरज आहे. आता आपल्या घरातला दिवस बघा. दूधवाल्याची बेल, कामाला येणाऱ्या मावशी, कुकरच्या शिट्ट्या, शाळेतून आलेली मुलं, संध्याकाळचा टीव्ही. प्रत्येक आवाजाला पिल्लू उठतं. त्यातून जर्मन शेफर्ड किंवा बॉर्डर कोलीसारखं तल्लख पिल्लू असेल, तर समोर काही घडत असताना ते आपणहून डोळे मिटतच नाही. लग्नघरात झोपेला आलेलं मूल जसं झोपण्याऐवजी आणखीच धिंगाणा घालतं, तसंच हे.

मग ओळखायचं कसं? आधी घड्याळ बघा. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू साधारण तासभर जागं राहिलं की त्याला पुन्हा झोप हवी असते. ते उठून दीड-दोन तास झाले असतील आणि आता ते पिसाळल्यासारखं करत असेल, तर बहुधा झोपच आहे. नुकतंच छान झोपून उठलंय आणि घरात सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत, तर कंटाळा.

नंतर वागण्याकडे नीट बघा. कंटाळलेलं पिल्लू उद्योग शोधतं. कुंडीतली माती उकरतं, मोजा पळवतं आणि दारात थांबून तुमचं लक्ष आहे ना, हे बघतं. त्याच्या करण्यात काहीतरी बेत असतो. दुसरं खेळणं दिलंत तर मोजा सोडून ते घेतं, “बस” म्हटलं की बसतंही. झोपेला आलेल्याचा बेत वगैरे नसतो. ते ओढणीला लोंबकळतं, खेळणं दिलं तरी खेळणं टाकून हातच धरतं, चावा नेहमीपेक्षा जोरात घेतं आणि काल चोख येत असलेला “बस” आज ऐकूच येत नाही असं वागतं.

तरीही कळलं नाही, तर ड्राय फूडचे मूठभर दाणे चटईवर उधळा. कंटाळलेलं पिल्लू नाक खाली घालून एकेक दाणा शोधत बसेल. थकलेलं दोन दाणे खाईल आणि पुन्हा तुमच्या पायाशी झोंबेल.

थकलेल्याला खाली नेऊन पळवलंत, तर ते आणखी चेकाळतं. त्याला त्याच्या क्रेटमध्ये (झोपायच्या पिंजऱ्यात), प्लेपेनमध्ये (छोट्या कुंपणात) किंवा आतल्या खोलीत न्या, पडदे ओढा, पंखा लावा, चघळायला काहीतरी द्या. ही शिक्षा नव्हे, त्यामुळे आवाज न चढवता न्या आणि सुरुवातीला जवळ बसा. थोडी कुरकुर होईल, मग झोपून जाईल.

कंटाळलेल्यासाठी सगळ्यात गुणी वस्तू तुमच्या स्वयंपाकघरातच आहे: आप्पेपात्र. प्रत्येक खळग्यात दोन-तीन दाणे टाका आणि वर चेंडू ठेवा. चेंडू गिळता येणार नाही एवढा मोठा हवा. पिल्लू आधी पात्रच ढकलतं, मग पंजा मारतं, मग एका चेंडूखालून वास येतोय हे त्याला उमगतं आणि नाकाने चेंडू बाजूला सारतं. तो क्षण बघण्यासारखा असतो. पुढच्या खळग्याकडे ते सरळ नाकच नेतं. जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे गुंडाळूनही हेच जमतं. मनुके मात्र कधीच वापरू नका, ते कुत्र्यांना विषारी असतात.

फिरायला नेताना पट्टा सैल ठेवा, त्याला हवं तिथे हुंगू द्या. अर्धा तास चेंडू फेकत राहण्यापेक्षा दहा मिनिटांचं हुंगणं त्याला जास्त शांत करतं. सतत चेंडूमागे धावून पिल्लू आणखी चेकाळतं आणि हळूहळू त्याला तेवढ्याचीच चटक लागते. शिवाय हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला साधारण वर्षभर लागतं, मोठ्या जातींत त्याहून जास्त. तोवर उंच उड्या आणि सायकलमागे पळवणं नको. एप्रिल-मेमध्ये फिरणं उन्हं चढायच्या आत उरका. डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे पंजेही भाजतील.

जातीचा फरकही असतो. बीगल वासाच्या मागे तास न् तास राहील. आपला कारवान हाउंड नजरेने शिकार करणारा. तो वाऱ्यासारखा धावून घेतो आणि मग खुशाल पसरतो. त्याला आळशी ठरवून आणखी पळवू नका.

चौथ्या महिन्याच्या आसपास दात बदलू लागतात. दुधाचे 28 जाऊन सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. तेव्हाचं चावणं हिरड्यांच्या ठणक्याचंही असतं. ओला रुमाल गाठ मारून फ्रिजमध्ये गार करून, तुमच्या नजरेसमोर चघळायला द्या. मात्र पिल्लू खात नसेल, लंगडत असेल किंवा उठवूनही मलूल पडून राहत असेल, तर कंटाळा की झोप हा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.