कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान : कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की दाजीपूर डोळ्यांसमोर येतं. सकाळी निघायचं, गेटवर पावती फाडायची, गाडी आत घ्यायची. त्याच हिशोबाने जामनगरला गेलात तर हात हलवत परत यावं लागेल. कच्छच्या आखातातले प्रवाळ बघायचे असतील तर परवानगी वन विभाग देतो, पण वेळ समुद्र ठरवतो. म्हणून आधी ओहोटी बघा, मग तारीख ठरवा आणि अर्ज शेवटी करा. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम लावतात.

कच्छ आणि सौराष्ट्र यांच्या मधोमध आत शिरलेलं हे आखात आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, जामनगर आणि देवभूमी द्वारका जिल्ह्यांत, बेटं, तिवरांची वनं आणि प्रवाळांचे कट्टे आहेत. 1980 मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि 1982 मध्ये त्यातल्या काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. उद्यानाचं क्षेत्र सुमारे 163 चौरस किलोमीटर आहे आणि बेटं 42. मोठी गोष्ट अशी की इथले प्रवाळ बघायला पाण्यात बुडी मारावी लागत नाही. आखात आत अरुंद होत जातं, त्यामुळे भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. तोंडाशी ओख्याला उधाणाच्या दिवसांत तो तीनेक मीटर असतो, आतल्या टोकाला नवलखीजवळ सहा मीटरांच्या वर जातो. पाणी ओसरलं की कट्टा उघडा पडतो आणि माणूस घोट्याभर पाण्यातून चालत आत जाऊ शकतो.

तारीख कशी काढायची

घरातलं पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका घ्या. अमावस्या, पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. या दिवसांत भरती मोठी असते तशीच ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फारसं ओसरत नाही आणि चांगला कट्टा झाकलेलाच राहतो. त्यामुळे शनिवार-रविवार धरून अष्टमीला जाऊ नका, त्यापेक्षा आठवड्याच्या मधली रजा टाका. तिथीवरून दिवस कळतो, तास मात्र कळत नाही. तासासाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो, ते बघावेत. ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि दररोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. तुमच्या दिवशीची एक तरी ओहोटी उजेडात पडते का, एवढं तपासा. ऑक्टोबर ते मार्च हा चांगला काळ. पावसाळ्याचा विचार करू नका.

कुठे जाता येतं

सर्वसामान्य पर्यटकासाठी सोपी जागा म्हणजे नरारा. जामनगरहून द्वारकेच्या दिशेने साधारण 60 किलोमीटरवर, वाडिनारजवळ. इथे बोट लागत नाही, थेट किनाऱ्यावरूनच चालत आत जातात. वन विभागाच्या चौकीवर नोंद होते आणि सोबत स्थानिक गाईड घ्यावाच लागतो.

पिरोटन बेटाची गोष्ट वेगळी. तिथे बोटीने जावं लागतं आणि वन विभागाखेरीज सीमाशुल्क आणि बंदर खात्याची परवानगीही लागते. किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी जिल्हा प्रशासन निर्जन बेटांवर वेळोवेळी प्रवेशबंदीचे आदेशही काढतं. जामनगरच्या वन कार्यालयाकडून बेट खुलं असल्याचा होकार आल्याशिवाय पिरोटन धरून तिकिटं काढू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याने नराराच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणाला परवानगी मिळते

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 28 मध्ये प्रवेशाची कारणं दिली आहेत. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन आणि पर्यटन ही त्यातली आपल्या कामाची. भारतीय नागरिकाला पर्यटक म्हणून जायला कसलीही खास पात्रता लागत नाही. अर्जात कारण मात्र खरं लिहा. पर्यटनाच्या परवान्यावर नमुने गोळा करता येत नाहीत, ड्रोन उडवता येत नाही. संशोधनासाठी गांधीनगरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे प्रकल्पाच्या आराखड्यासह अर्ज करावा लागतो. प्राणी हाताळायचे किंवा गोळा करायचे असतील तर कलम 12 खालची परवानगी वेगळी घ्यावी लागते. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे सहा महिने आधी सुरू करावं.

कागदपत्रं

एकट्याने किंवा कुटुंबासह जाणाऱ्यांनी प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र (आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना) आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवावी. गाडीचा नंबर नोंदीसाठी लागतो. कॅमेरा असेल तर सांगावा, त्याचं शुल्क वेगळं असतं. प्रवेशाचे आणि गाईडचे दर बदलतात, ते फोनवर विचारून घ्या आणि सुटे पैसे सोबत ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत आधीच पाठवावी.

शाळा-कॉलेजची सहल असेल तर काम जास्त, पण चोख होतं. संस्थेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र, विद्यार्थ्यांची वयासह यादी, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि मोबाईल नंबर, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमतीपत्रं. पत्र मराठीत लिहू नका. इंग्रजी किंवा हिंदीत असलं की तिथल्या टेबलावर अडत नाही. पत्रात ओहोटीची वेळ नमूद करा, त्यावरून कर्मचाऱ्यांना गाईडची सोय लावता येते. गट मोठा असेल तर दोन तुकड्या पाडा. पन्नास जण एका ओळीने कट्ट्यावर चालले तर मागच्या तीस जणांना गढूळ पाणीच दिसतं.

आत गेल्यावर

गाईड वाळूची आणि मेलेल्या दगडाची वाट दाखवतो, त्याच्या पावलावर पाऊल टाकून चाला. जिवंत प्रवाळ दगडासारखाच दिसतो, पण त्यावर तपकिरी-हिरवट मऊ कातडी असते आणि बुटाच्या एका दाबाने ती फाटते. खडकाच्या कपारीत ऑक्टोपस बसलेला असतो. आधी तो दगडच वाटतो, मग डोळा हलतो आणि अंगाचा रंग बघता बघता बदलतो. समुद्रफुलांचे झुबके, तारामासे, समुद्रकाकड्या, नाना जातींचे खेकडे गुडघाभर पाण्यात दिसतात. डुगाँगचे, म्हणजे समुद्रगाईचे, भारतात तीनच टापू उरले आहेत आणि हे आखात त्यातला एक, पण ते नराराला चालताना दिसेल अशी आशा धरू नका.

पफर मासा फुगलेला बघायचाय म्हणून गाईडला तो उचलायला सांगू नका, ही कळकळीची विनंती. तो भीतीने फुगतो आणि दर गटापुढे तेच करावं लागलं तर मरतो. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, खिशात टाकू नका. प्रवाळ, समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांना कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. राष्ट्रीय उद्यानातल्या अशा गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते.

प्रवासाचा मेळ

कोल्हापूरहून अहमदाबादला साप्ताहिक रेल्वे आहे, पुढे जामनगरला गाड्या मिळतात. गाडी आठवड्यातून एकदाच असल्याने तिचा वार आणि उधाणाची तिथी जुळते का, हे आधी बघा. जुळत नसेल तर पुणे किंवा मुंबईमार्गे जा, तिथी बदलू नका. जामनगरमध्ये एक दिवस जादा ठेवा. तो खिजडिया पक्षी अभयारण्यासाठी वापरता येतो. शहरापासून जवळच, बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारं, अशी ती पाणथळ आहे आणि 2022 मध्ये तिला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) जाहीर झाला. शिवाय गुजरातमधली सरकारी कार्यालयं रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात, त्यामुळे पत्राची पोच आणि गाईडचं नाव शुक्रवारीच पक्कं करून घ्या.