अन्न-पाण्याची ताटातूट

पूर, भूकंप, वादळ, खंडित वीजपुरवठा. कारण कुठलंही असो, चार दिवस नळ कोरडे राहतील आणि दुकानं बंद असतील असं धरून घरात साठा करायचा असतो. त्यासाठी मिळणारा सल्ला बहुतेक वेळा यादीच्या रूपात येतो: हे इतके किलो, ते इतके लिटर. याद्या चुकीच्या नसतात, पण एखादी वस्तू यादीत का आली आणि दुसरी का वगळली, हे त्या सांगत नाहीत. त्या सगळ्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. सूक्ष्मजीवाला वाढायला अन्न आणि पाणी एकाच जागी लागतं. नुसत्या पाण्यात तो उपाशी राहतो, नुसत्या अन्नात तहानलेला. गरज पडेपर्यंत या दोघांना भेटू दिलं नाही, की साठवणीचं निम्म्याहून अधिक काम झालं.

आधी पाणी, कारण त्याच्यावाचून माणूस जेमतेम काही दिवस तग धरतो. अन्नावाचून काही आठवडे निघू शकतात. ढोबळ हिशेब माणशी दिवसाला ४ लिटरचा आहे. त्यातलं साधारण निम्मं पिण्यासाठी, उरलेलं स्वयंपाक आणि हात-तोंड धुण्यासाठी. उन्हाळा असेल, घरात आजारी माणूस किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर जास्त. चार माणसांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतात, दोन आठवड्यांसाठी २२४. हे जवळजवळ पाव टन वजन झालं, तेव्हा ते माळ्यावर चढवण्याआधी माळा किती भक्कम आहे ते बघावं.

पाणी स्वतः नासत नाही. त्यात नासण्यासारखं दुसरं काहीतरी पडलेलं असतं. दुधाच्या प्लास्टिक बाटल्या कितीही घासल्या तरी त्यात पाणी साठवू नये असं सांगतात, ते यामुळेच: प्रथिनं आणि चरबी यांचे अंश प्लास्टिकला धरून राहतात आणि तेवढ्यावर जिवाणूंची मेजवानी होते. बाटलीला तोंड लावून प्यायलं की लाळेसोबत अन्न आणि जिवाणू दोन्ही आत जातात. रुंद तोंडाच्या भांड्यात भांडं बुडवून पाणी काढताना बोटं बुडतात, तिथेही तेच. म्हणून हात जाणार नाही एवढं अरुंद तोंड, घट्ट झाकण आणि खाली तोटी, असं भांडं साठवणीला सर्वांत चांगलं. शेवाळाची गोष्ट थोडी वेगळी आहे, ते आपलं अन्न स्वतः तयार करतं. पण त्याला उजेड लागतो. अपारदर्शक पिंप किंवा अंधारी जागा असली की त्याचाही प्रश्न मिटतो.

नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते स्वच्छ भांड्यात गळ्यापर्यंत भरून बंद करावं, भरताना आणखी काही घालायची गरज नसते. ज्या पाण्याची खात्री नाही, त्यासाठी क्लोरीन आपण घालायचं. पाण्यात गेलेल्या क्लोरीनची दोन रूपं होतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. पहिल्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतं आणि आतली प्रथिनं, विकरं (एन्झाइम) मोडून टाकतं. दुसऱ्यावर ऋणभार असतो आणि जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित असतो, म्हणून तो दाराशीच अडतो. पाण्याचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) साधारण ७.५ असताना ही दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. त्याहून पाणी अल्कधर्मी झालं की कामाचं रूप घटत जातं. शिवाय आत शिरून काम उरकायला वेळ लागतो. अर्धा तास थांबायला सांगतात तो हा वेळ.

मात्रा अशी: ५ ते ९ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं ब्लीच असेल तर लिटरला २ थेंब. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळावं, आणि तरीही गढूळ राहिलं तर मात्रा दुप्पट करावी, कारण मातीतले सेंद्रिय कण क्लोरीन आधीच खर्च करून टाकतात. ब्लीच स्वतःही टिकाऊ नाही. उजेडाने आणि उष्णतेने त्याचा जोर ओसरतो, म्हणून वर्षाला बाटली बदलावी. क्लोरीनला न जुमानणारेही काही जीव आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यातला नामांकित. त्याच्यावर उकळणं हा खात्रीचा उपाय: खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, २,००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटं. मात्र उकळलेल्या पाण्याला पुढे कुणी राखणदार नसतो. क्लोरीन पाण्यात थोडं शिल्लक राहून नंतर आलेल्या जिवाणूंनाही गाठतं, उकळलेलं पाणी निवल्यावर त्यात बोट बुडालं की पहिल्यापासून सुरुवात. घरी भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदलावं. तोवर त्याची चव बेचव झाली असेल तर एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-चारदा ओतल्याने हवा मिसळून ती सुधारते.

आता उलट बाजू, म्हणजे अन्नातून पाणी दूर ठेवणं. इथे एक चकवा आहे. मधात सुमारे १७ टक्के पाणी असतं आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. गव्हात १७ टक्के ओल राहिली तर त्याला बुरशी धरते. पाणी तेवढंच, मग फरक कशाचा? मधातलं पाणी साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेलं असतं. मुदत ठेवीतल्या पैशासारखं ते असतं खरं, पण खर्चायला मिळत नाही. अन्नातलं किती पाणी सूक्ष्मजीवांना प्रत्यक्ष वापरता येतं याच्या मोजमापाला जलसक्रियता म्हणतात. विल्यम जेम्स स्कॉट या ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही कल्पना अन्नाच्या अभ्यासात रुजवली. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १. ताजं मांस, भाज्या, दूध ०.९७ च्या पुढे. ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, ०.८० च्या खाली बहुतेक बुरशींची, आणि ०.६० च्या खाली कुणाचीच नाही. नीट वाळवलेलं धान्य, साखर, मीठ, दूध पावडर हे सगळे या शेवटच्या रेषेच्या आसपास किंवा खाली बसतात. खारवणं, साखरेत मुरवणं, वाळवणं या तीन वेगळ्या दिसणाऱ्या युक्त्या एकाच आकड्यावर काम करतात.

धान्य साठवताना १२ टक्क्यांच्या आसपास ओल असावी असं म्हणतात ते त्यासाठीच. पण कोरडं भरलेलं धान्यही डब्यात ओलं होऊ शकतं. डब्याची एक बाजू उन्हात किंवा शेगडीजवळ आणि दुसरी थंड भिंतीला टेकलेली असेल, तर उबदार बाजूच्या दाण्यांतली ओल वाफ होऊन थंड बाजूला जाते आणि तिथे पुन्हा साचते. बाहेरून थेंबभर पाणी न येता एका कोपऱ्यात बुरशी दिसते. अस्पर्जिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवतात, आणि ते शिजवण्याने जात नाही. त्यामुळे वरचा थर काढून खालचं वापरण्याची काटकसर इथे नको. डबे जमिनीपासून उचललेले, भिंतीपासून हातभर दूर आणि घरातल्या सर्वांत थंड जागी असावेत. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी उतरलं की खराब होण्याचा वेग निम्म्यावर येतो.

कोरडेपणाने सूक्ष्मजीव अडतात, प्राणवायू अडत नाही. हातसडीचा तांदूळ आरोग्याला चांगला, साठवणीला वाईट. त्याच्या कोंड्यातलं तेल काही महिन्यांत खवट होतं. पॉलिश केलेल्या तांदळात ते तेलच उरलेलं नसतं. गव्हाचंही तसंच. अख्ख्या दाण्यात अंकुरातलं तेल आणि ते फोडणारी विकरं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दळलं की कप्पे मोडतात, दोघांची गाठ पडते आणि हवाही मिळते. म्हणून साठा दाण्यांचा करावा, पिठाचा नाही. फक्त वीज नसताना ते दळणार कसं, याचा विचार आधी व्हायला हवा. कोरडं धान्य हवाबंद, प्राणवायूविरहित आणि थंड ठेवलं तर ते किती टिकतं, याच्या चाचण्या अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात झाल्या आहेत. पांढरा तांदूळ आणि गहू तीसेक वर्षांनंतरही खाण्याजोगे निघाले.

प्राणवायू काढायला मिळणाऱ्या छोट्या पुड्यांत लोखंडाची भुकटी आणि मीठ असतं. लोखंड गंजतं आणि गंजताना पाकिटातला प्राणवायू ओढून घेतं, एवढंच. पण त्याहून मजेशीर कथा किड्यांची आहे.

सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने तोंड बुजवते. दाणा बाहेरून अखंड दिसतो. अळी आतच वाढते, आतच कोष करते आणि पूर्ण किडा होऊन बाहेर पडते, त्यामुळे स्वच्छ निवडलेल्या धान्यातही महिन्याभराने सोंडे कुठून आले हे कळत नाही. आता प्रश्न असा, की १२ टक्के ओलीच्या दाण्यात, जिथे बुरशीलाही पाणी पुरत नाही, तिथे हा किडा पितो काय? तो पाणी तयार करतो. पिष्टमय पदार्थाचं ज्वलन झालं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. कोरड्या धान्यातले कीटक बरंचसं या पाण्यावर जगतात. या ज्वलनाला प्राणवायू लागतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी हवाबंद पिशव्यांचं तंत्र विकसित करण्याचं काम सुरू केलं. पिशवी बंद केली की आतले भुंगेरे स्वतःच प्राणवायू संपवतात आणि मग खाणं थांबवतात. पुढे त्यांच्याच गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की हे भुंगेरे मरतात त्यामागे मोठा वाटा तहानेचा असतो. प्राणवायू नाही, म्हणून पाणी बनवता येत नाही, म्हणून ते वाळून मरतात. धान्याच्या गोणीत राहून तहानेने मरणं, याहून नेमकी ताटातूट मला माहीत नाही.

घरी एवढी सोय नसेल तर भरण्याआधी धान्य उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवलं तरी अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतली ओल साचते आणि केलेल्यावर अक्षरशः पाणी पडतं.

ओलं अन्न ओलंच ठेवून टिकवायची वाट डबाबंद करण्याची. निकोला अॅपेर या मिठाईवाल्याला या युक्तीबद्दल फ्रेंच सरकारकडून १८१० मध्ये १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. अन्न का टिकतं हे त्याला सांगता येत नव्हतं. सूक्ष्मजीवांचा उलगडा पाश्चरने केला तो अर्धशतकाने. इथे एकच धोका खरा मोठा आहे. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू प्राणवायू नसतानाच वाढतो आणि त्याचे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात तासन्‌तास उकळूनही मरत नाहीत. कारखान्यात त्यासाठी दाबाखाली १२१ अंश तापमान वापरतात. सामू ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेसं आंबट, असेल तर हा जिवाणू वाढत नाही. म्हणून भाज्या किंवा कडधान्यं शिजवून घरच्या घरी बरणीत हवाबंद करण्याचा प्रयोग नुसत्या उकळत्या पाण्यावर करू नये, आणि फुगलेला डबा चव न बघता टाकून द्यावा. ओलसर पदार्थासोबत ती लोखंडाची पुडी घालणंही याच कारणाने घातक.

आणीबाणी आली की वेगळं ठेवलेलं अन्न आणि पाणी पुन्हा एकत्र आणावं लागतं, आणि तिथे याद्या सर्वांत जास्त फसतात. कडधान्य उष्ण, दमट जागी वर्ष-दोन वर्षं राहिलं की शिजेनासं होतं. हे गणंगासारखं नाही: गणंग पाणीच शोषत नाही. हा जुना दाणा मात्र पाणी शोषून फुगतो, पण मऊ होत नाही. साठवणीत त्यातलं फायटेट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं संयुग, मोडतं, मोकळे झालेले कॅल्शियम-मॅग्नेशियम पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला जाऊन बांधतात आणि दाण्याच्या पेशी एकमेकींना सोडत नाहीत. भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर हे बंध सैल होतात. नाहीतर इंधन आणि पाणी दोन्ही जळत राहतं, तेही नेमकं दोन्ही मोजून वापरायच्या दिवशी.

काय खावं यावरही पाण्याचा हिशेब अवलंबून असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैद्यकशास्त्रज्ञ जेम्स गॅम्बल यांनी जीवरक्षक तराफ्यांवर कोणता शिधा द्यावा याचा अभ्यास केला. उपाशी स्वयंसेवकांना दिवसाला फक्त १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं, तर शरीरातल्या प्रथिनांची झीज जवळपास निम्म्यावर आली आणि शरीरातलं पाणीही कमी गेलं. प्रथिनं मोडली की युरिया तयार होतो, तो बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी खर्च करावं लागतं. मिठाचंही तेच. पाण्याची टंचाई असेल तर खारवलेले, सुकवलेले, प्रथिनांनी भरलेले पदार्थ मागे ठेवून पिष्टमय आणि थोडं गोड पुढे घ्यावं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र गोड म्हणून मध चाटवू नये. मधातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंना त्याचं आतडं थोपवू शकत नाही.

वीज गेल्याच्या पहिल्या दिवशी साठ्याला हात लावायची गरज नसते. दार न उघडलेला फ्रिज सुमारे ४ तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणजे आधी फ्रिजमधलं, मग फ्रीझरमधलं, आणि डबे तिसऱ्या दिवशी. फ्रीझरमध्ये जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या आजच भरून ठेवाव्यात, गोठताना पाणी ९ टक्के फुगतं म्हणून वर चार बोटं मोकळी सोडून. त्या फ्रीझर जास्त वेळ थंड ठेवतात, आणि वितळल्यावर प्यायलाही होतात.