चेंडूला न लागता बसणारा फटका

टीव्हीवर गोल्फ बघताना वाटतं, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात अडकलेला चेंडू खेळाडूने काठीचं पातं खाली घालून अलगद उचलला. नवशिके तसंच उचलायला जातात आणि चेंडू तिथेच राहतो. खरं तर पातं चेंडूला लागतच नाही. ते सुमारे ५ सेंटिमीटर मागे वाळूत शिरतं, चेंडूखालून जातं आणि पुढे निघतं. चेंडू उडवते ती मधली वाळू. त्यात बराच जोर जिरतो, म्हणून गवतावरच्या तेवढ्याच अंतराच्या फटक्यापेक्षा झोका दुपटी-तिपटीने मोठा लागतो.

मग पातं वाळूत रुतत का नाही? वाळूतून चेंडू काढायच्या खास काठीच्या, म्हणजे सँड वेजच्या तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली असते. हा कल म्हणजे बाउन्स, साधारण १० ते १४ अंश. तिरका तळ वाळूला खाली-पुढे दाबतो, वाळू त्याला वर ढकलते. तळ्यात फेकलेला चपटा दगड असाच टप्पे घेतो. घट्ट बसलेली वाळू सरकायची, तर कणांना एकमेकांवर चढावं लागतं, म्हणजे वाळूला फुगावं लागतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये हे मांडलं. ओल्या किनाऱ्यावर पाऊल टेकताच भोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, कारण फुगलेल्या वाळूतल्या पोकळ्या पाणी आत ओढतात. तळाला आधार मिळतो तो बराचसा या अडणुकीतून.

अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेनने काठीच्या तळाला सोल्डर चढवून हा कल आणला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. ‘आपोआप वाळूबाहेर’ अशा जाहिरातींना भुलू नये: १२ अंशांच्या वेजचा दांडा हातांनी ८ अंश पुढे झुकवला, की उरतात ४, आणि धार नांगराच्या फाळासारखी खाली घुसते.

अर्धा गाडलेल्या चेंडूला मात्र हाच फाळ हवा. पात्याचं तोंड, म्हणजे पुढची सपाट बाजू, सरळ किंवा किंचित बंद (आत वळलेली) ठेवून धार खोल घालायची. चेंडू बुटका निघतो, उलटी फिरकी जवळपास नसते, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, लांब घरंगळतो. तेवढी जागा आधीच हेरावी.

पावसाने भिजून घट्ट झालेल्या वाळूत तळ लवकर उसळतो, धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनपार जातो. तिथे ६-८ अंशांची वेज घ्यावी, तोंड कमी उघडावं, म्हणजे आकाशाकडे कमी वळवावं. फटक्याआधी हाताने किंवा काठीने वाळू चाचपायला नियमात मनाई आहे. पवित्रा घेताना पाय रोवता येतात, तेव्हा वाळू भुसभुशीत की टणक, ते तळव्यांनाच कळतं.