गाडीचा इन्शुरन्स दुसऱ्या कंपनीत न्यायचाय? कोटेशन कसं बघायचं, कागद काय लागतात

पॉलिसी संपायला महिना राहिला की फोन सुरू होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन कोटेशनं येऊन पडतात, एक गावातल्या सरकारी कंपनीच्या शाखेतल्या एजंटचं आणि एक ऑनलाइन. मग आपण काय करतो, खालचा आकडा बघतो आणि जिकडे कमी तिकडे पैसे भरून मोकळे. मी पण दोन वर्षं हेच केलंय.

मागच्या महिन्यात मामेभावाच्या गाडीचं बघत होतो, कोल्हापूर पासिंगची ११९७ सीसी हॅचबॅक, चार वर्षं झाली, एकही क्लेम नाही. शाखेचं कोटेशन १२,१४९ रुपये, ऑनलाइनचं ८,९८७. म्हणाला, दादा तीन हजार उगाच कशाला घालवायचे? बरोबरच आहे, पण दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ वाचली तर ऑनलाइनवाल्यात आयडीव्ही ३ लाख ६० हजार आणि शाखेच्यात ४ लाख २० हजार, वर ऑनलाइनवाल्यात झिरो डेप (सुट्या भागांची घट न कापता भरपाई) नाही, आणि मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पण काढून टाकलेला. म्हणजे स्वस्त काही नव्हतं, माल कमी दिला होता इतकंच.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार भंगार झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या त्याच मॉडेलच्या किमतीतून वयानुसार घट काढतात, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, मग ३०, ४०, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. पाचच्या पुढं गेली की तुम्ही आणि विमा कंपनी मिळून ठरवायचं. ऑनलाइन हा आकडा खाली ओढला की प्रीमियम लगेच कमी दिसतो, खरी गोम तिथं आहे.

थर्ड पार्टीत (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) घासाघीस करत बसू नका, तो दर सरकार ठरवतं, कुठल्याही कंपनीत तोच. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६, त्याच्या वर ७,८९७, अधिक जीएसटी १८ टक्के. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, ज्याला ओडी म्हणतात. तिथं पासिंग पण बघतात, मुंबई-पुण्याची गाडी ए झोनमध्ये आणि कोल्हापूर-सांगली बी झोनमध्ये, बी थोडं स्वस्त, मग गाडी रोज पुण्यातच का फिरेना.

झिरो डेप घ्यायचं का? प्लास्टिक, रबर, बॅटरी याच्यावर साध्या पॉलिसीत सरळ ५० टक्के कापतात, काचेला काही कापत नाहीत. समजा ९,००० चा बंपर फुटला, तर ४,५०० धरणार, त्यातून सक्तीचे १,००० तुमच्या खिशातले (१५०० सीसीच्या वर २,०००), हातात ३,५००. आणि क्लेम केला की एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल ओडीत मिळणारी सवलत) गेला! भावाला पुढच्या वर्षी ५० टक्के मिळणार होता, त्याची ओडी सवलतीआधी सव्वानऊ हजाराच्या आसपास, म्हणजे ३,५०० साठी साडेचार हजारावर पाणी. असला क्लेम करू नये असं माझं मत. आणि पंचगंगेच्या पाण्याच्या कडेला राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्या, २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडं हे कुणाला समजावावं लागत नाही. बंद पडलेली गाडी पाण्यात परत स्टार्टर मारून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

आता बदलायचं कसं. आरसीवर ज्याचं नाव तो कुणीही मुदत संपताना कंपनी बदलू शकतो, जुन्या कंपनीची परवानगी लागत नाही. आरसी, जुनी पॉलिसी, पॅन आणि आधार केवायसीला, चालू पीयूसी, आणि एनसीबीसाठी जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस, एवढं जवळ ठेवा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आधी आरसीवर चढवा, मग पॉलिसीत वेगळं लिहून घ्या.

एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नाही. २०, २५, ३५, ४५, ५० असा वर्षागणिक वाढतो आणि कंपनी बदलली तरी सोबत येतो, पण क्लेम झालेला असताना "नाही झाला" असं टिक करू नका, नवी कंपनी जुनीला विचारते आणि सापडलं तर क्लेमच्या वेळी हात वर करते. पॉलिसी संपून ९० दिवस झाले तर एनसीबी संपला. एक दिवस जरी मध्ये गेला तरी गाडीची तपासणी लागते, फोटो नाहीतर व्हिडिओ, आणि त्या मधल्या दिवसात पोलिसांनी अडवलं तर पहिल्या वेळी २,००० दंड, दुसऱ्यांदा ४,०००, तुरुंगाची पण तरतूद आहे.

सेकंडहँड घेतली असेल तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायचा अर्ज द्या, आणि आधीच्या मालकाचा एनसीबी आपल्याला मिळेल ही आशा सोडा. त्याने मात्र जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं तर तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतो.

तर भावाने ऑनलाइनवाल्याला सांगितलं, आयडीव्ही ४ लाख २० हजार करा, झिरो डेप टाका, अपघात विमा टाका. आकडा झाला ११,४८०. फरक राहिला ६६९ रुपयांचा, आणि कोल्हापुरात त्याच्या नेहमीच्या गॅरेजला कॅशलेस कुणाचं चालतं ते विचारलं तर शाखेचं. गेला तिकडं सगळे कागद घेऊन, तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, आरसीवर अजून बँकेचं नाव आहे की. लोन फिटून आठ महिने झालेत, आता बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओच्या चकरा चालू आहेत.