मिश्र अध्ययन

मिश्र अध्ययन : एकाच अभ्यासक्रमाचा काही भाग वर्गात शिक्षकांसमोर आणि काही भाग इंटरनेटवरून शिकण्याची पद्धत. शिक्षकांच्या बोलण्यात ‘ब्लेंडेड लर्निंग’ हेच नाव जास्त ऐकू येते. दोन्ही भाग एकमेकांत गुंफलेले असावेत, ही मुख्य अट. फळ्याऐवजी प्रोजेक्टर आला किंवा टिपणे व्हॉट्सॲप गटावर पडली, एवढ्याने ती पुरी होत नाही. टाळेबंदीतल्या ऑनलाइन शाळेलाही हे नाव चुकून चिकटले. तेव्हा वर्गच बंद होते, मिसळणार कशात?

घरचा अभ्यास आणि गुरुजींची भेट यांची सांगड इंटरनेटपूर्वीचीच आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९६९) पोस्टाने येणारी पुस्तके, बीबीसीवरील पाठ आणि स्थानिक केंद्रांतले मार्गदर्शन एकत्र आणले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची (१९८९) अभ्यासकेंद्रांवरील संपर्क सत्रे त्याच जातीची.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रकार म्हणजे उलटा वर्ग, अर्थात ‘फ्लिप्ड क्लासरूम’. अमेरिकेत कोलोरॅडोतील वुडलँड पार्क येथे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक. सामने आणि कार्यक्रमांपायी मुलांचे तास बुडत, म्हणून २००७ मध्ये त्यांनी पाठ चित्रित करून ठेवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी क्रमच फिरवला: व्याख्यान घरी, उदाहरणे वर्गात. यामागचा विचार साधा आहे. समजावून सांगितलेले ऐकायला शिक्षक समोर असलाच पाहिजे असे नाही. गणित अडते तेव्हा मात्र तो हवा असतो, आणि नेमके तेव्हाच मूल घरी एकटे असते. चित्रफितीखाली दोनचार प्रश्न दिले, तर कोण कुठे अडखळले हे शिक्षकाला तासाला जाण्याआधीच कळते. मेख एकच. फीत न पाहता आलेल्यांसाठी शिक्षकाने तोच पाठ पुन्हा शिकवला, की पाहून आलेलेही पुढच्या वेळी पाहत नाहीत.

संगणक मोजकेच असतील तिथे आळीपाळीचा प्रकार चालतो: एक गट संगणकावर, दुसरा शिक्षकाजवळ, तिसरा वहीत सोडवत, ठरल्या वेळाने जागा बदलायच्या.

ही पद्धत खरेच सरस आहे का? अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २००९ मध्ये आधीच्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात मिश्र पद्धतीने शिकलेल्यांची कामगिरी केवळ वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरासरीने चांगली दिसली. मात्र त्या विद्यार्थ्यांना बहुधा वेळ आणि साहित्यही जास्त मिळाले होते, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही, असेही अहवालाने बजावले. जाहिरातींत पहिला भाग येतो, दुसरा गळतो.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मिश्र पद्धतीची शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मसुद्यात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली होती. टक्केवारी ठरवणे त्यातले सोपे काम. प्रयोगशाळेत हाताने करायचे काय आणि पडद्यावर भागेल काय, याचा निवाडा विषयशिक्षकालाच करावा लागतो.

शालेय स्तरावर महाराष्ट्राची खूण म्हणजे पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना कोड जोडून कविता, गोष्टी आणि पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय केली. कन्नड मातृभाषेच्या मुलांसाठी धड्यांचे भाषांतरही केले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. बालभारतीच्या पुस्तकांतले कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरील साहित्य उघडतात. ऑनलाइन भाग मुलाने आपल्या सोयीच्या वेळी पाहावा, अशी अपेक्षा असते. पण अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी परततो. मुलाची ‘सोयीची वेळ’ तिथून सुरू होते. गावात रेंज नसेल, तर दीक्षा ॲपवरील साहित्य जिथे नेट मिळेल तिथे उतरवून घेऊन घरी इंटरनेटविना पाहता येते.