पेटीच्या तळाची फाइल

गेल्या हिवाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या एका घरी फाइल बघायला मिळाली. लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली, रेक्झिनच्या पिशवीत ठेवलेली. मुलगी सात वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला, अडीच वर्षं उपचार चालले आणि ती बरी झाली. आता ती विशीत आहे, स्थळं बघणं सुरू आहे. आई म्हणाली, "ते लाल औषध लावलं की लघवी बी लाल व्हायची. आता कशाला काढायचं ते?"

आईचं भय मला कळतं. पण ते लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, विसरून चालत नाही.

मुलांचा रक्ताचा कॅन्सर बरा होतो ही गोष्टच फार जुनी नाही. १९४८ साली, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षी, बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध दिल्यावर काही मुलांचा आजार थोड्या काळापुरता मागे हटल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत बसली आणि मुलं खरोखर वाचू लागली. आज श्रीमंत देशांत दहांतली आठांहून अधिक मुलं बरी होतात. ही मुलं मोठी होत गेली तेव्हा उपचारांनी मागे ठेवलेल्या खुणा दिसायला लागल्या. १९७५ मध्येच ज्युलिओ डँजिओ या अमेरिकी डॉक्टरांनी बजावलं होतं, की नुसतं बरं करून भागणार नाही.

लाल औषधाचा भार हृदयावर येतो. सगळे डोस मिळून शरीराच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं असेल, तर धोका मोठा धरतात. हृदय दहा-पंधरा वर्षं काही बोलत नाही. मग बाळंतपणात त्याच्यावरचा ताण वाढतो, म्हणून दिवस जाण्याआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायला सांगतात. सिस्प्लॅटिन या कॅन्सरवरच्या दुसऱ्या औषधानं ऐकू कमी येतं, डोक्याला दिलेल्या रेडिएशननं उंची खुंटते, अभ्यास मागे पडतो. "मठ्ठ आहे" म्हणून शाळेतून काढलेल्या मुलाचं खरं कारण कधीकधी इथे असतं.

म्हणून बऱ्या झालेल्या मुलांना पुढेही तपासत राहावं लागतं. आपल्याकडे या पाठपुराव्याची नीट सुरुवात मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाली. रुग्णालय १९४१ चं, पण उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये उभी केली. पुढे बरे झालेले तरुण स्वतःच 'उगम' या गटात एकत्र आले, कारण नोकरीच्या मुलाखतीत आजार सांगावा की नाही, हे डॉक्टरांपेक्षा तेच एकमेकांना नीट सांगू शकत होते.

मराठवाड्यात कॅन्सरच्या रुग्णांची मोजणी लवकर सुरू झाली होती. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत निघाली, तेव्हा बार्शीसोबत परांडा आणि भूम हे आपले दोन तालुके तिच्यात होते. उपचार जवळ यायला मात्र २०१२ उजाडलं, औरंगाबादला सरकारी कॅन्सर रुग्णालय झालं तेव्हा. त्याआधी, आणि अवघड आजारात अजूनही, 'टाटाला नेणं' म्हणजे देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसनं रात्रभराचा प्रवास.

जीव धोक्यात असतो तोवर माणूस शेत गहाण टाकून हा प्रवास करतो. पोरगं हसतं-खेळतं असताना वर्षातून एकदा "नुसतं दाखवायला" कोण जाणार? बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाची तारीख हंगामात आली, तर आई-बाप कारखान्याच्या फडावर आणि फाइल गावात आजीकडे. त्यात लग्नाचं भय. कॅन्सर शिवून किंवा वारशानं येतो असं सासरी वाटेल, म्हणून मुलीलासुद्धा "लहानपणी लई आजारी होतीस" एवढंच सांगितलेलं असतं. ती बाळंतपणासाठी दवाखान्यात जाईल तेव्हा डॉक्टरांना सांगणार काय?

त्या दुपारी मुलीनं फाइल पहिल्यांदा हातात घेतली. एकेक पान दाराजवळच्या उजेडात धरून तिनं मोबाइलवर फोटो काढले. रक्ताच्या रिपोर्टांवरची अक्षरं उडाली होती. डिस्चार्ज कार्ड शाबूत होतं, पण लाल औषधाची ओळ नेमकी घडीवर आलेली, आणि घडीत कागद विरला होता. नाव वाचता येत होतं, आकडा नाही. तो मिळावा म्हणून फाइल नंबर घालून रुग्णालयाला पत्र लिहिलंय. खाली सही तिची आहे.